मूळ कुठलं, टोक कुठलं

"ताटात केस, पाण्यात केस, उशीवर केस! कुणाकुणाच्या डोक्याचा गुंता घरात आणतेस?"

धाकट्या भावोजींचा आवाज भिंतीपलीकडून आला. मी अलीकडे भांडी पुसत होते, हात आपोआप थांबले.

"त्याच गुंत्यावर चूल पेटते ना?" माझी जाऊ म्हणाली. "मग गिळा मुकाट्यानं."

भांडण फार जुनं. पण जाऊ कशी होती ते त्यातच आलं.

आम्ही दोघी केसांच्या कारखान्यात बसायचो. कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली. खिडक्या लावलेल्या, पंखा बंद. बायका विंचरून टाकतात ती गुंतवळ पोत्यांनी यायची. ती सोडवायची, लांबीप्रमाणे लावायची, जुड्या बांधायच्या. जुड्या जहाजातून जायच्या आणि दूरदेशी त्यांचे टोप व्हायचे. मालकीणबाई म्हणायच्या, "आता जग जवळ आलंय." आलं खरं. थेट आमच्या मांडीवर येऊन बसलं, आणि आम्हाला शिंकायचीही चोरी झाली.

कामात एकच मेख होती. जुडीतल्या सगळ्या केसांची मुळं एकाच बाजूला हवीत. केस चिमटीत धरून चोळला की तो मुळाच्या बाजूला सरकतो. ते सरकणं बोटांना कळायला हवं. उलटसुलट केस मिसळले तर टोप पहिल्याच धुण्यात गोळा होतो.

जाऊ यात पटाईत. पण हल्ली ती कढत पेला धरायची आणि तिचा चेहरा हलायचा नाही. मी हटकलं तर म्हणाली, "कातडी निबर झालीय, जाऊबाई. तुमच्या दिराशी संसार केलाय मी."

मग एका दुपारी मालकीणबाई दारात उभ्या राहिल्या. हातात फोन, तोंडावर रक्त नाही. टोप गुंततात म्हणून तिकडून तक्रार आली होती. चूक आमच्या मांडीवर झाली, आणि कळली ती समुद्रापलीकडच्या कुणा बाईला, न्हाऊन आल्यावर!

"ही चूक कुणाच्या हातची ते आज सांगायचंय," त्या म्हणाल्या. "नाहीतर पुढचं काम दुसऱ्या देशात जाणार. आपण सगळ्या घरी."

त्यांनी स्वतःच्या डोक्यातला केस उपटला, त्याची दोन्ही टोकं खुडली आणि पहिलीसमोर धरला. "मूळ दाखव." तिनं दाखवलं. मग दुसरा केस, दुसरी बाई. एरवी मी हसले असते, बाईंचे केस आधीच विरळ. आज मात्र मी बोटं पदराला पुसत होते. माझी पाळी झाली. माझ्या शेजारी जाऊ.

तिनं केस चोळला. पुन्हा चोळला. कपाळावर घाम आला. मग तिनं तो हळूच खालच्या ओठावरून ओढला, आधी असा, मग उलटा.

"हे मूळ."

बरोबर होतं.

"पण ओठाला का लावलंत?" मालकीणबाईंनी विचारलं.

"अहो, तिला खोडच आहे ती," मी घाईनं म्हटलं.

"गप्प बसा हो, जाऊबाई." तिनं दोन्ही पंजे पुढे केले. "बोटं मेलीत माझी. इतके दिवस नुसत्या अंदाजानं लावतेय. उलटे केस माझेच, बाई. बाकीच्यांचं काम घालवू नका."

मालकीणबाई बाहेर जाऊन फोनवर बोलल्या. आत आल्या तेव्हा जमिनीकडे बघत होत्या. "काम राहिलं," म्हणाल्या. आणि मग, "तुम्ही मात्र उद्यापासून येऊ नका."

जाऊनं मान हलवली. संध्याकाळी तयार माल पार्सलच्या ऑफिसात पोचवायचं काम तिच्याकडे असे. तिनं गोणी शिवली, काखोटीला मारली.

"आज मी नेते गं," मी म्हटलं.

"तुमचं तो पार्सलवाला ऐकायचा नाही."

मी तिच्याबरोबर गेले. पार्सलच्या ऑफिसात तिनं गोणी फळीवर ठेवली. "ओली होऊ देऊ नका. वर काही ठेवू नका."

"मावशी, रोज तेच काय सांगता?"

"तुम्ही रोज ठेवता म्हणून."

त्यानं बोलता बोलता गोणीवर टाकलेलं खोकं उचलून बाजूला ठेवलं. तोवर ती तिथून हलली नाही.