मराठीत ढ असलेल्या जाऊबाई

आपल्याला आपली मातृभाषा येत नाही हे लोकांना पटवण्यासाठी जिवाचं रान करणारी बाई साऱ्या पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल, आणि देवानं ती नेमकी माझी मोठी जाऊ करून आमच्या राहात्याच्या घरात पाठवली. बरं, माहेर कुठलं म्हणाल, तर शेवगाव. आवाज असा खणखणीत की पेरूच्या बागेत राघू उतरले तर आमचे गडी गोफण शोधत बसत नाहीत, ‘वहिनी, जरा एक आरोळी ठोका’ म्हणतात. अशा बाईनं पुण्यात कॉलेजला असताना फ्रेंच घेतलं. का, तर जर्मनच्या वर्गाची रांग उन्हात होती आणि फ्रेंचची सावलीत. पण एकदा घेतलं ते घेतलं. लग्नात बायका उखाण्यासाठी मागे लागल्या तेव्हा यांनी तो फ्रेंचमध्ये ठोकून दिला. त्यात नवऱ्याचं नाव होतं की नव्हतं यावर आमच्या भावकीत अजून वाद आहे. भावोजी म्हणतात, होतं. दुसरं काय म्हणणार बिचारे!

गावाबाहेरच्या इंग्रजी शाळेत त्या लहान मुलांचा फ्रेंचचा वर्ग घेतात. तिथला कायदा एकच, उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं की फक्त फ्रेंच. पाणी फ्रेंचमध्ये मागायचं, शेंबूड फ्रेंचमध्ये पुसायचा, आणि भांडायचंच असेल तर तेही फ्रेंचमध्ये, त्यामुळे शब्द संपले की भांडण आपोआप मिटतं. जाऊबाई म्हणतात, “बाईला मराठी कळतं असा नुसता वास आला ना, की पोरं मराठीतच लोळणार. दार उघडं असल्यावर खिडकीतून कोण चढेल?” म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं, म्हणजे हातवारे करून दाखवलं, की मला मराठीतलं ओ की ठो कळत नाही. पालकांना हात जोडून सांगितलं, घरी फोडू नका. आणि मुलांनी विश्वास ठेवला हो! पाच-सहा वर्षांची पोरं ती, बाईंवर नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा?

वर्गापुरतं असतं तर मी एक शब्द बोलले नसते. पण मुलं गावभर असतात. एका गुरुवारी बाजारात जाऊबाई मेथीच्या जुडीवरून भाजीवाल्या मावशींशी हमरीतुमरीवर आल्या होत्या. “ओ मावशी, ही काय मेथी हाय व्हय? निस्ती काडी हाय!” असं म्हणता म्हणता पलीकडून वर्गातलं एक पोरगं आईचं बोट धरून येताना दिसलं. झालं! जाऊबाईंचं पुढचं वाक्य थेट पॅरिसला जाऊन पडलं. मी घाबरले, पण मावशी आता मुरलेल्या. “व्हय व्हय, बोंझूर बाई, बोंझूर. पर भाव त्योच ऱ्हाईल,” म्हणाल्या आणि जुडी पिशवीत कोंबली.

घरी तर माझे हाल कुत्रा खात नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक आई आपल्या लेकाला घेऊन आली, आणि जाऊबाई दारातच फ्रेंच बोलायला लागल्या. त्या बोलायच्या आणि मी मराठीत सांगायचं, असं खुणेनं ठरलं. आता मला फ्रेंचचा फ सुद्धा येत नाही. त्या चांगल्या लांबलचक काहीतरी बोलल्या, मी म्हटलं, “त्या म्हणतायत, चहा घ्या.” त्या परत बोलल्या, मी म्हटलं, “साखर कमी टाकलीय म्हणतात.” नंतर कळलं की त्या मुलाच्या चित्रकलेचं कौतुक करत होत्या. आमच्या सासूबाई ओसरीवरून हे सगळं बघतात आणि आल्यागेल्याला सांगतात, “थोरली सून माजी शेवगावचीच हाय, पर पोरं दिसली की परदेसी हुती. औषिद न्हाई त्याला.”

आणि गंमत पुढेच आहे. मुलांना आपल्या बाईंची दया यायला लागली. एवढ्या चांगल्या बाई, आणि त्यांना साधं मराठी येऊ नये? मधल्या सुट्टीत, उंबऱ्याच्या बाहेर, मुलांनी त्यांची शिकवणीच सुरू केली. या शिकवणीची मुख्याध्यापिका होती आरोही नावाची, दोन शेंड्या बांधणारी, एका एसटी कंडक्टरची मुलगी. ती डबा उघडून बाईंच्या नाकासमोर धरायची आणि सावकाश म्हणायची, “बाई, ही भा-क-री. म्हणा.” जाऊबाई भुवया उंचावून, जीभ वळत नसल्याचं सोंग करून काहीतरी भलतंच म्हणायच्या. आरोही कपाळावर हात मारून घ्यायची, पण सोडायची नाही. घरी जाऊन तिनं आईला सांगितलं, “आमच्या बाई तशा हुशार आहेत गं, पण मराठीत ढ आहेत.” हे ऐकल्यापासून घरात त्यांच्याशी वाद घालायची माझी पद्धतच बदलली. कुठं अडलं की मी म्हणते, “जाऊ द्या, तुम्हाला नाही कळायचं, तुम्ही मराठीत ढ!”

यंदाच्या हिवाळ्यात मात्र हसण्यावारी न्यायची वेळ राहिली नाही. पालकांत कुरकुर सुरू झाली होती. “पोरगं फ्रेंच शिकून काय पॅरिसला पेरू इकणार हाय का?” असं एकानं सभेतच विचारलं. संस्थेचे अध्यक्ष ट्रॅक्टरच्या शोरूमचे मालक, रोखठोक माणूस. त्यांनी जाऊबाईंना बोलावून सांगितलं, “ताई, एक आठवडा घ्या. काय शिकवायचं ते शिकवा आणि शनिवारी पालकांसमोर दाखवा. मुलं बोलली तर वर्ग राहील. नाही बोलली तर जूनपासून ती खोली कॉम्प्युटरला.” त्या दिवशी जाऊबाई घरी येऊन कुठल्याच भाषेत बोलल्या नाहीत. मला तेव्हा कळलं की या बाईला वर्ग म्हणजे नुसती नोकरी नाही, जीव आहे जीव.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फ्रान्सहून आलेलं पुस्तक उघडलं. त्यात ‘हिवाळ्याचा आठवडा’ होता. सोमवारी बर्फाचा माणूस, मग सफरचंदांची पेस्ट्री, मग शेकोटीत भाजलेली चेस्टनट नावाची फळं. राहात्यात कुठलं आलंय बर्फ? पण अडून बसतील तर त्या जाऊबाई कसल्या! गादीवाल्याकडून पोतंभर कापूस आणला आणि वर्गात ढीग घातला. मुलांनी एकमेकांवर कापूस फेकला, माणूस उभा केला, त्याला सासूबाईंची कानटोपी घातली, आणि दुपारपर्यंत शिंकांनी वर्ग दणाणून गेला. शिंकल्यावर काय म्हणायचं ते मात्र सगळ्यांना फ्रेंचमध्ये पाठ झालं. मंगळवारी सफरचंदांच्या जागी आमच्या बागेतले पेरू आले. जाऊबाईंनी मुलांना झाडाखाली नेलं, पेरू म्हणजे ‘गोयाव’ असं शिकवलं, आणि एका कार्ट्यानं एवढे गोयाव खाल्ले की त्याची आई रात्रभर आमच्या नावानं बोटं मोडत होती. बुधवारचं मला माहीत नाही, मी दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. घरी आले तर अंगणात उसाच्या चिपाडांचा ढीग पडला होता आणि सासूबाई त्याकडे बघून ‘मेर्सी, मेर्सी’ असे फ्रेंच आभार मानत होत्या. गुरुवारी अख्खा वर्ग बाजारात गेला आणि मेथीवाल्या मावशींनी पोरांकडून दर जुडीला एक बोंझूर वसूल केला. शुक्रवार उजळणीत गेला.

शनिवारी चेस्टनटऐवजी हुरडा. ज्वारी नशिबानं आधीपासूनच उभी होती. माहेरच्या आठवणीनं जाऊबाईंनी भावोजींच्या मागे लागून बागेच्या कडेला ज्वारीची चार तासं, म्हणजे चार ओळी, लावून घेतली होती. सकाळीच बागेत आगटी पेटवली. खड्ड्यात गोवऱ्यांचा विस्तव, वर राख, राखेत कोवळी कणसं. सासूबाईंनी लसणाची चटणी वाटली होती, मी दही, गूळ आणि शेव मांडली. पालक सतरंजीवर बसले, अध्यक्षसाहेब खुर्चीवर. जाऊबाईंनी नवीकोरी साडी नेसली होती आणि तिच्या पदराचं टोक सारखं बोटाला गुंडाळत होत्या.

अध्यक्षसाहेबांनी विचारलं, “हं, बोला बघू बाळांनो, काय काय शिकलात?” आणि मुलं चिडीचूप! एवढे आईबाप एकदम समोर, फोटो काढायला मोबाईल वर झालेले. एकानं बोट तोंडात घातलं, एकजण आईच्या मांडीत शिरला, गोयाववाला पोटाला हात लावून बसला. जाऊबाईंनी फ्रेंचमध्ये हळूच विचारलं, परत विचारलं. एक आवाज निघेना. ‘पोरगं पेरू इकणार का’ वाले गृहस्थ खाली बघून हसले. मला त्यांच्या डोक्यात दह्याचं पातेलं उलटं घालावंसं वाटलं. जाऊबाईंचा चेहरा एवढासा झाला. खोली गेली, वर्ग गेला, हे त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं.

एवढ्यात कुणीतरी म्हणालं, फोटोसाठी मागे सरका. आरोही बाईंकडे बघत बघत मागे सरकली. तिच्या मागे आगटी. वरून बघाल तर थंडगार राख, आणि खाली निखारे. तिचा पाय उचललेला दिसला, आणि जाऊबाईंच्या पोटातून, थेट शेवगावातून, आरोळी आली, “आगं ए पोरी! मागं नगं जाऊ! इस्तू हाय तिथं, पाय भाजंल की गं!” आणि झेप घेऊन त्यांनी तिला उचललंच.

राघू उडाले. सगळी मुलं तोंडाचा आ करून बाईंकडे बघत राहिली. जाऊबाईंनी तोंडावर हात ठेवला. वर्ग तर गेलाच होता, आता वर्षभराचं सोंगही गेलं. मला रडू यायला लागलं, खरं सांगते.

तेवढ्यात त्यांच्या कडेवरून आरोही किंचाळली, “बाईंना मराठी आलं! मी शिकवलं! बाईंना मराठी आलं!”

मग जे झालं ते काय सांगू! “मी पण शिकवलं!” “भाकरी मी शिकवली!” करत पोरांनी बाईंना गराडा घातला. नापास विद्यार्थी एकदम पहिला आल्यावर गुरूला व्हावा तसा आनंद त्यांना झाला होता, आणि आता लगेच उरलेलं सगळं मराठी शिकवून टाकायची घाई. पण बाईंना मराठी शिकवायचं तर आधी फ्रेंचमध्ये सांगायला नको? “बाई, गोयाव म्हणजे पेरू. म्हणा, पेरू!” “सोर्गो म्हणजे ज्वारी!” बर्फाला काय म्हणतात, थंडीला काय, ऊस कसा, शिंक कशी, अख्खा आठवडा घडाघडा बाहेर पडला, कुणी न विचारता. अध्यक्षसाहेब उठले, एक कणीस उचलायला वाकले, तर सगळी पोरं एका सुरात ओरडली, “से शो! से शो!” आणि साहेबांनी हात झटकन मागे घेतला. मग स्वतःशीच म्हणाले, “गरम हाय म्हनत्यात जनू.” मग मोठ्यानं हसले. “अहो, मला कळलं की फ्रेंच!” चोळलेल्या हुरड्याची पहिली मूठ त्यांनी स्वतः जाऊबाईंच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, “कॉम्प्युटरला दुसरी खोली बघू.” सासूबाईंनी आकाशाकडे बघून हात जोडले, “आली बया, सून एकदाची मराठीत आली!”

वर्ग राहिला. पण त्या दिवसापासून जाऊबाईंना त्या मुलांपुरतं नवशिकं राहावं लागलं. रस्त्यात भेटली की पोरं स्कूटीला आडवी येतात आणि बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं, तोडून तोडून विचारतात, “बाई, जे-व-लात का?” आणि या, राघू उडवणाऱ्या, मान वाकडी करून, शब्द शोधत सांगतात, “हो... मी... जेवली.” मुलं टाळ्या वाजवतात.

उन्हाळ्यात आरोहीच्या वडिलांची अकोल्याच्या डेपोला बदली झाली. जायच्या आदल्या दिवशी ती निरोप घ्यायला आली. बाईंना मिठी मारली, फ्रेंचमध्ये जे बोलायचं ते बोलली, आणि मग मला बाजूला बोलावून अगदी काळजीनं म्हणाली, “काकू, मी गेल्यावर बाईंशी तुम्ही रोज मराठीत बोला हं. नाहीतर त्या विसरतील.” मी बरं म्हटलं. दारात उभ्या जाऊबाईंना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, पण शेवगावही आलं नाही आणि पॅरिसही. शेवटी मोडकंतोडकं त्या म्हणाल्या, “मी... नाही... विसरणार.” आरोही खूश झाली. “बघा, येतंय की!” म्हणाली आणि वडिलांच्या गाडीवर जाऊन बसली.

मी शब्द दिलाय, तेव्हा पाळते. संध्याकाळी तव्यावर भाकरी टाकली की विचारते, “जाऊबाई, हे काय?” त्या पीठ लागल्या हातानं पदर सावरत म्हणतात, “भा-क-री.” आम्ही दोघी हसतो. मग त्या भाजलेली भाकरी आरोहीसारखी माझ्या नाकासमोर धरतात आणि सावकाश म्हणतात, “म्हणा.”