हळदीखालची अक्षरं

वरवे गावातल्या आमच्या घरात तीन कपाटं साहेबांची आहेत. साहेब म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलेले ते पुढारी. त्यांच्या भाषणांची पुस्तकं, प्रचाराचे बिल्ले, सभांच्या पत्रिका, काय वाट्टेल ते मी रद्दीतून वेचून आणलंय. बायको म्हणते, "एक दिवस जागा पुरत नाही म्हणून मलाच रद्दीत घालाल." घालीन की! पण एक गोष्ट मला कायम सलायची. साहेबांच्या हातची अक्षरं असलेलं एकही पुस्तक माझ्याकडे नव्हतं.

हिर्डोशीच्या एका आजींकडे तसं पुस्तक आहे, असं कळलं. मिळेल ती एसटी धरली, पुढचं अंतर पायी तुडवलं आणि त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो.

आजींनी देवघरातून पुस्तक आणलं. सहीचं पान उघडलं, तर अक्षरं दिसेचनात. दर दसऱ्याला त्या पानावर हळदकुंकू वाहिलेलं. वर्षानुवर्षांचा थर!

"अहो आजी, काय केलंत हे!" मी ओरडलोच.

"सायबांची सही हाय ती. पुजायची न्हाई तर काय चुलीत घालायची?"

मग त्या पुढं म्हणाल्या, "घाटाचा रस्ता बघाया आलं तवा सायेब आमच्याकडं टेकलं, आन् मालकांना ह्ये दिलं. मालक जलमभर गावाला सांगत फिरलं. आता ते न्हाईत, मला वाचाया येत न्हाई. न्या तुमी."

मला तर आभाळ ठेंगणं झालं. माझ्या पिशवीत मऊ ब्रश असतोच. तिथंच बसून हळद हलक्या हातानं झाडली, मोबाईलची बॅटरी पानावर तिरकी धरली. निबानं कागदावर उमटलेल्या रेघा दिसायला लागल्या. सहीच्या वर दोन ओळी होत्या: 'आज ज्यांच्या हातची भाकरी खाल्ली, त्या घरातल्या ताईंना.'

खरं सांगतो, वाटलं, गप्प बसावं. पुस्तक पिशवीत घालावं, एसटी गाठावी. कुणाला कळणार होतं? आजी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मला काही ते जमलं नाही. वाचून दाखवलं.

"पुन्यांदा वाचा," त्या म्हणाल्या. मी पुन्हा वाचलं.

"नाव न्हाई लिवलं?"

"नाही. ताई एवढंच आहे."

"सासू तर माज्या लग्नाआधीच गेल्याली. घरात बाईमाणूस म्या एकलीच." मग एकदम हसायलाच लागल्या, डोळ्यांना पदर लावून. "मालक चार बुकं शिकल्यालं व्हतं की वो! वाचलं आसंल न्हाई का त्यांनी? लबाड कुठलं!"

त्यांनी हात पुढं केला. मी पुस्तक दिलं.

"न्हाई द्यायची आता," त्या म्हणाल्या. "माजं हाय ते."