टेलरबाई जहाजाची ट्रायल घेतात

टेलरबाईंच्या तोंडात टाचण्या असल्या की त्यांना बोलता येत नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. टाचण्या तोंडात कधी घ्यायच्या, हे मात्र बाई स्वतः ठरवायच्या. "कपडे कधी मिळणार?" असं कुणी विचारायचा अवकाश, बाईंचा हात मनगटावरच्या टाचण्यांच्या उशीकडे जायचा आणि चार-पाच टाचण्या ओठांत जाऊन बसायच्या. पुढचं बोलणं "हूं" आणि "ऊंहूं" एवढ्यावर चालायचं. गिऱ्हाईक जरा वेळ वाट बघायचं आणि काढता पाय घ्यायचं. उत्तर द्यायचं नसलं की लोक मिठाची गुळणी धरतात म्हणे. बाईंना मिठाची गरज कधी पडली नाही.

तळमजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार. खिडकीशी शिलाई मशीन, मधे कापायचं टेबल, कोपऱ्यात पडदा आणि उभा आरसा. नवरा लवकर गेला. सवड मिळाली असती तर बाई मनसोक्त रडल्या असत्या, पण नेमकं तेव्हाच एका शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर होतं. त्या मशीनवर त्यांनी मुलाला वाढवलं, शिकवलं, मार्गाला लावलं. त्याचं खरं नाव काहीही असो, सगळे त्याला बटण म्हणत. लहानपणी त्याने एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं बटण गिळलं होतं. ते बटण यथावकाश हाती लागलं, स्वच्छ धुऊन कोटाला शिवलंही गेलं, आणि कोटवाल्याला त्याचा आजतागायत पत्ता नाही. नाव मात्र पोराला चिकटलं ते चिकटलंच.

आता हा बटण चाळिशीला टेकला होता. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत कामाला होता आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटा राहायचा. दर रविवारी आईकडे यायचा. यायचा म्हणजे काय, चहा उभ्याने प्यायचा आणि आरशात स्वतःचं टक्कल तपासायचा. तेवढ्यात खिशातला फोन वाजायचा. "आई, कुणीतरी अडकलंय, निघतो." शहरात इतकी माणसं लिफ्टमध्ये अडकतात यावर बाईंचा काडीचा विश्वास नव्हता. त्यातली निम्मी बटणाने स्वतःच आदल्या दिवशी अडकवून ठेवलेली असणार, असा त्यांचा दाट संशय होता.

म्हणून एका रविवारी तो चक्क खुर्चीवर बसला आणि "आई, आपण दोघं आठवडाभर जहाजाने फिरून येऊ या का?" असं म्हणाला, तेव्हा बाईंच्या हातातली कात्री थांबली. आठवडाभर! चारी बाजूंनी पाणी, म्हणजे हा पळणार कुठे? समुद्राचं बाईंना काही कौतुक नव्हतं. जहाज बुडतं की तरंगतं याच्याशीही त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. त्यांना मुलगा हवा होता, समोर बसलेला, सलग.

"बघ ना कुठलं जहाज घ्यायचं ते," बटण म्हणाला आणि टॅबलेट उघडला.

पहिलं जहाज बघून बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे जहाज आहे की बाजारपेठ?"

"आई, यात सगळं आहे. थिएटर, पोहण्याचे तलाव, बर्फावर घसरायचं मैदान. ही बघ घसरगुंडी, पार वरच्या मजल्यावरून खाली."

"या वयात मी घसरगुंडीवर बसू?"

"बसू नकोस गं. बघायची."

"लोकांना घसरताना बघायला समुद्रात कशाला जायचं? आपल्या जिन्याची फरशी ओली असली की दिसतं की."

बटणाने हार मानली नाही. त्याने दुसरं जहाज काढलं, ते पहिल्यापेक्षाही मोठं. यात किती लिफ्ट आहेत हे सांगताना त्याचा चेहरा फुलून आला. मग सगळ्यात भारी गोष्ट शेवटी राखून ठेवल्यासारखा तो म्हणाला, "आणि यात आपल्याला दोन केबिन मिळतात. शेजारी शेजारी. तू तुझ्यात, मी माझ्यात. तू तुझं कर, मी माझं करतो. जेवायला भेटू."

 जेवायला भेटू! रविवारचा चहा काय वाईट होता मग? निदान त्यासाठी तिकीट तरी लागत नव्हतं. त्यांचा हात मनगटाकडे गेला आणि टाचण्या ओठांत बसल्या.

"आवडलं नाही?"

"ऊंहूं."

"का पण?"

"हूं."

बटणाने एक सुस्कारा सोडला. तेवढ्यात कुणीतरी अडकलं आणि तो निघून गेला.

बाई काही नुसत्या रुसून बसणाऱ्यातल्या नव्हत्या. अस्तर बदलायला आलेल्या एका कोटाच्या आतल्या खिशात त्यांना एका जहाजाचं माहितीपत्रक सापडलं होतं. दुसऱ्याच्या खिशातलं वाचू नये हे बाईंना कळत होतं. पण अस्तर काढलं की खिसा राहतोच कुठे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि ते अगदी चवीने वाचलं. जहाज छोटंसं, जुनं. एकच जेवणघर, आणि त्यात सगळ्यांना मिळून एक लांबलचक टेबल. थिएटर नाही, तलाव नाही, घसरगुंडी तर नाहीच. केबिन एवढीशी, दोन पलंग आणि मधे एक खुर्ची. पुढच्या रविवारी त्यांनी ते पत्रक बटणाच्या चहाखाली बशीसारखं सरकवून ठेवलं.

"हे?" बटण दचकला. "आई, याला लिफ्टसुद्धा नाही!"

"बरंच झालं. कुणी अडकणार नाही."

"आणि तुझे गुडघे? मागच्या आठवड्यात तर घसरगुंडी बघून वयाचं सांगत होतीस. इथे सगळे जिने आहेत."

"जिने चांगले असतात. डॉक्टर म्हणतात."

"कुठले डॉक्टर?"

बाईंनी टाचण्यांकडे हात नेला.

"थांब, थांब. घालू नकोस तोंडात," बटण घाईघाईने म्हणाला. "एवढ्याशा खोलीत आपण दोघं आठवडाभर? काय करणार गं तू?"

बाईंनी खडूचा तुकडा उचलला. कापडावर खुणा करायचा, चपटा, निळा.

"ट्रायल घेऊ," त्या म्हणाल्या.

ट्रायलशिवाय बाईंनी आयुष्यात कपडा पुरा केला नव्हता. कच्चे टाके घालायच्या, गिऱ्हाइकाला तो कपडा अंगात चढवायला लावायच्या, आणि ज्या कामासाठी कपडा आहे ते काम इथेच, डोळ्यांसमोर करून दाखवायला सांगायच्या. पलीकडच्या गल्लीतले बँडमास्तर नव्या कोटाच्या ट्रायलला आले, तेव्हा बाह्यांना नुसते कच्चे टाके होते आणि बाईंनी त्यांना ट्रम्पेट आणायला घरी पिटाळलं होतं. मास्तरांनी दुकानात उभं राहून अख्खी धून वाजवली. काखेतले टाके टणाटण तुटले. "बघा," बाई म्हणाल्या होत्या, "मिरवणुकीत तुटले असते तर?" त्या दिवसापासून बँडमास्तर बाईंना विचारल्याशिवाय लठ्ठसुद्धा होत नसत. निदान ते तसं म्हणायचे.

तर पुढच्या रविवारी कापायचं टेबल भिंतीला लागलं आणि दुकानाच्या फरशीवर बाईंनी केबिन आखली. हा एक पलंग, हा दुसरा, ही गोल खिडकी, हे दार. पलंगांच्या जागी गाद्या आल्या आणि मधे खुर्ची. नियम सोपा होता: जेवणवेळ होईपर्यंत रेघ ओलांडायची नाही. बटणाचा फोन बाईंनी काढून घेतला आणि कपाटावर, रेघेबाहेर ठेवला.

"समुद्रात रेंज नसते," त्या म्हणाल्या.

"असते गं हल्ली."

"आपल्या जहाजावर नसते."

दोघं आपापल्या गादीवर बसले. बाई मनातून भलत्याच खूश होत्या. फोन नाही, आरसा लांब आणि दार खडूचं. आता हा चुळबुळ करणार, कंटाळणार आणि कंटाळून कंटाळून शेवटी बोलायला लागणार, असा त्यांचा बेत होता. त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि मुलाकडे बघितलं. मुलाने त्यांच्याकडे बघितलं. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज बाईंना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला.

"आई," बटण म्हणाला, "एक सांगायचं होतं..."

दारावर टकटक झाली. एक शेजारीण चेन बिघडलेला स्कर्ट घेऊन उभी होती.

"बंदर आलं!" बाई उठल्या, रेघ ओलांडून गेल्यासुद्धा. चेन बसवली, शेजारणीच्या सुनेची चौकशी केली, सुनेच्या आईचीही केली आणि परत येऊन बसल्या. "हं, काय म्हणत होतास?"

"काही नाही. म्हटलं, मागच्या वर्षी मी..."

टकटक. पडद्यांची लांबी कमी करायची होती. "दुसरं बंदर," बाई म्हणाल्या आणि बटणाला बोट वर करून थांबायची खूण केली. पडद्यांना वेळ लागला. मग पडदेवाली गेली, पण मशीनपाशी आलोच आहोत तर कालची कॉलर उरकून टाकू, असं बाईंना वाटलं. मग दोऱ्याची रिळं रंगांप्रमाणे लावावीशी वाटली. मग बँडमास्तर आले. त्यांच्या पॅन्टची कंबर ढिली करायची होती, तिसऱ्यांदा, आणि त्यांच्याशी हुज्जत घातल्याशिवाय कंबर ढिली होत नसे.

मास्तर पॅन्ट ठेवून गेले, तेव्हा कपाटावर फोन वाजत होता. वाजून वाजून थांबला. बाईंनी वळून पाहिलं. बटण गादीवर जसाच्या तसा बसला होता. पाय रेघेच्या आत. फोनकडे त्याने बघितलंही नव्हतं.

"कुणी अडकलं असेल," बाई म्हणाल्या.

"आज ड्यूटी दुसऱ्याला दिलीय. तो सोडवेल." बटण हसला. "आई, या जहाजाला बंदरं फार आहेत."

बाईंनी खाली पाहिलं. त्या स्वतः मशीनपाशी उभ्या होत्या आणि निळी रेघ दोघांच्या मधे होती. पुसटली होती ती, आणि ज्या बाजूने पुसटली होती तिथून फक्त त्यांचीच पावलं गेली-आली होती.

"म्हणून मोठं जहाज बघत होतो," बटण म्हणाला. "मला ती घसरगुंडी नकोय. मला उंचीची भीती वाटते, लिफ्टवाला असून. कुणाला सांगू नकोस. पण तू एका जागी बसत नाहीस गं. माझ्यासमोर तर नाहीच. म्हटलं, आईला करायला पुष्कळ काहीतरी असू दे, नाहीतर कंटाळून जाईल."

"माझ्यासाठी?" बाई म्हणाल्या. "मला वाटलं, तुला मी नको."

"आणि मला वाटायचं, तुला वेळ नाही. शाळेतून आलो की मी या टेबलाखाली बसायचो, आठवतं? सगळं सांगायचो तुला. तू वरून हूं म्हणायचीस. महत्त्वाचं काही असलं की मी ठरवायचो, आईच्या तोंडातल्या टाचण्या संपल्या की सांगू." तो चेष्टेतच बोलत होता, डोळेसुद्धा मिचकावत होता. "त्या काही संपल्या नाहीत."

बाईंना एकदम खूप वाईट वाटलं. त्यांचा हात नेहमी जायचा तिथे गेला. उशीवरून टाचण्या निघाल्या, ओठांत बसल्या. मग बाईंच्या लक्षात आलं. त्या तशाच उभ्या राहिल्या, तोंडात टाचण्या आणि डोळ्यांत पाणी, आणि बटणाला हसू आवरेना.

तेवढ्यात पुन्हा टकटक झाली.

"टेलरबाई!" बाहेरून बँडमास्तर ओरडले. "अहो, अंगावरची पॅन्टही उसवली! मागून! दार उघडा लवकर, लोक बघतायत!"

बाईंचं एक पाऊल आपोआप दाराकडे पडलं.  बटणाने हात जरा वर करून, जा म्हणून खूण केली, इतक्या सहज की ती त्याला फार वर्षांची सवय असावी.

बाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या, एकेक करून उशीत खोचल्या. मनगटावरची उशी सोडली आणि कपाटावर, फोनशेजारी ठेवली. मग साडी सावरत रेघेच्या आत आल्या.

"आता नाही जमायचं, मास्तर!" त्यांनी आतूनच आवाज दिला. "आम्ही समुद्रात आहोत!"



"कधी परत येणार?" मास्तरांनी काकुळतीने विचारलं.

"बंदर लागलं की! तोवर भिंतीला पाठ लावून घरी जा!"

मास्तर बहुधा तसेच गेले, कारण पाठ भिंतीला घासत गेल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. बाई आपल्या गादीवर बसल्या, मुलाच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. जहाज कुठलं घ्यायचं हे आता कुणी कुणाला विचारलं नाही.

"सांग," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून सांग. शाळेपासून."

बटणाने वाकून आईच्या ओठांकडे नीट बघितलं, टाचणी नाही याची खात्री करून घेतली, आणि सांगायला सुरुवात केली.