नापासबाईंची जास्तीची रोपं

आमच्या वन्संना जन्मात एक गोष्ट जमली नाही, टाकून देणं. आणि नोकरी केली ती नेमकी टाकून देण्याचीच. कपबश्यांच्या कारखान्यात भट्टीतून निघालेला माल त्यांच्या टेबलावरून जायचा. कप उचलायचा, नखाने टिचकी मारायची, आवाज ऐकायचा, फिरवून बघायचा. कान वाकडा, काठ तिरका, रंग ओघळलेला असला की बाजूला. बाजूला काढलेले कप मग हातोडीने फोडायचे, तेही वन्संनीच. चहा गळत नसला तरी फोडायचे. हे लोकांना स्वस्तात मिळाले तर चांगले कोण घेईल, असं साहेबांचं म्हणणं. सगळा कारखाना त्यांना नापासबाई म्हणायचा. मी वन्सं म्हणते, कारण त्या माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, आणि लग्न करून मी ज्या दोन खोल्यांत आले तिथे त्या माझ्या आधीपासून होत्या.

फोडायच्या कपांतले बरेचसे पिशवीतून आमच्या घरी यायचे. आमच्याकडे चहाला आलेला माणूस आधी कप कुठून धरायचा याचा अभ्यास करतो. एका हिरव्या कपाचा कान तर इतका तिरका बसला होता, की सरळ धरला की चहा थेट बाहीत जायचा.

निवृत्त झाल्यावर वन्संनी रोपांचा नाद लावून घेतला. टोमॅटो, वांगी, मिरची, पुदिना, ओवा. आता बी पेरायची रीत अशी, की एका खळग्यात दोन बिया टाकायच्या, एखादी नाही उगवली तर नको पंचाईत. दोन्ही उगवल्या तर त्यातलं कमजोर रोप उपटून टाकायचं. इतकं साधं आहे, मलासुद्धा कळतं. पण वन्संच्या हातून ते होईना.

"आयुष्यभर फोडत आले," त्या म्हणाल्या. "आता उपटायला सांगू नकोस."

मग प्रत्येक जास्तीच्या रोपाला एक नापास कप. गल्लीच्या तोंडाशी जिन्याखाली कुलूपवाल्याचं दुकान आहे, तो कपांच्या बुडाला भोकं पाडून द्यायचा. बघता बघता स्वयंपाकघराची खिडकी भरली, मग कपाटाचं डोकं, मग जिना, मग बाथरूम. वर शेजारीपाजारी आपली उरलेली रोपंही आणून द्यायचे. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! मी आंघोळ करायची ती वांग्यांकडे पाठ करून. ह्यांच्याकडे तक्रार केली, तर हे वर्तमानपत्रामागून म्हणाले, "हवा शुद्ध राहते." बाथरूममध्ये शुद्ध हवा घेऊन मी काय करू, ते त्यांनी सांगितलं नाही.

तेवढ्यात बंद पडलेल्या लाँड्रीमागच्या मोकळ्या जागेत गल्लीतल्या लोकांनी सामाईक बाग काढली. नगरपालिकेने अट एकच घातली, पाण्याचा खर्च तुमचा तुम्ही करा. बिल थकलं की जागा परत. आमच्या गल्लीत वर्गणी मागितली की लोकांना अचानक बाहेरगावी जायचं असतं. तेव्हा मीच पुढे झाले आणि म्हटलं, आमच्या वन्संची जास्तीची रोपं आहेत, ती दर रविवारी विकू, त्यातून पाणी भागेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बागेबद्दल किती ही तळमळ, असं अध्यक्ष म्हणाले. मला तळमळ फक्त माझ्या बाथरूमची होती. बाग टिकली तर वांगी तिथे, आणि बाग बुडाली तर वांगीही घरी आणि वन्संही दिवसभर घरी. मी घाम गाळला तो एवढ्याचसाठी.

अध्यक्ष म्हणजे कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर. माणूस गोड. इतका गोड, की दात काढल्याचं घरी गेल्यावर कळतं.

पहिल्या रविवारी वन्सं टेबलामागे बसल्या. एक बाई आली, टोमॅटो मागितला.

"खिडकी कुठल्या बाजूला?" वन्संनी विचारलं.

"खिडकी? गल्लीच्या बाजूला."

"ऊन येतं का, ते विचारतेय. दुपारी घरी कोण असतं?"

"कुणी नाही. आम्ही दोघंही कामाला."

"मग पाणी कोण घालणार? तुम्हाला नाही जमायचं. पुढचं कोण?"

दिवसाअखेर तीन रोपं गेली, तीही वन्संनी अगदी जड हाताने दिली. डॉक्टर हळूच म्हणाले, "बाई, आपण रोपं विकतोय, मुलगी देत नाही. आणि एवढी पोसता कशाला? कमजोर ते काढून टाकावं. आमच्याकडेही हलणारा दात ठेवत नाहीत."

"तुमचं पोटच उपटण्यावर आहे, डॉक्टर," वन्सं म्हणाल्या. "माझं नाही."

पुढच्या रविवारपासून वन्संची नेमणूक मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाली आणि टेबलावर मी बसले. आणि काय सांगू, माझ्यात विकण्याची कला आहे हे मला त्या वयात कळलं! ऊन नाही? पुदिना घ्या. वेळ नाही? ओवा घ्या, तो स्वतःचं स्वतः बघतो. कुणालाही काहीही दिलं. टेबल रिकामं व्हायला लागलं.

रोपं विकणाऱ्याचं एक बरं असतं. चप्पल तुटली की माणूस दुकानदाराच्या अंगावर जातो. रोप मेलं की स्वतःलाच दोष देतो. "माझा हातच वाईट," म्हणत मान खाली घालून येतो आणि दुसरं घेऊन जातो. मला हे लक्षात आल्यावर मी सवलत काढली, रिकामा कप परत आणा आणि नवं रोप कमी पैशात न्या. लोक कप रिकामा करायचेही कष्ट घेत नसत, मेलेल्या रोपासकट आणून ठेवत. मी ते मागे शेडमध्ये सरकवून द्यायची.

आता मेलेलं ते मेलेलं, असं तुम्ही-मी म्हणतो. वन्सं नखाने बुंधा खरवडायच्या. आत हिरवं दिसलं की छाटून, माती बदलून, सावलीत ठेवून त्याच्याशी बोलत बसायच्या. दोनतीन आठवड्यांत त्याला फूट. फुटलेलं रोप मी उचलून पुन्हा टेबलावर मांडायची. म्हणजे एकच पुदिना आम्ही दोनदा विकायचो. पाण्याचं बिल भरून वर नवं फावडं आलं. डॉक्टरांनी माझा फूल देऊन सत्कार केला. फूल आमच्याच बागेतलं होतं.

वन्संना यातलं काही माहीत नव्हतं. वाचलेली रोपं बागेच्या वाफ्यात जातात, अशी त्यांची समजूत. एका रविवारी पाणी प्यायला म्हणून त्या पुढे आल्या, तेव्हा कुलूपवाला कप घेऊन निघाला होता. तोच हिरवा, तिरक्या कानाचा. कप विसरेल ती नापासबाई कसली?

"या कपातला पुदिना दोनदा मरून माझ्याकडे आला," वन्सं मला म्हणाल्या. "आणि तू तो वाफ्यात न लावता तिसऱ्यांदा विकलास?"

मी म्हटलं, "गिऱ्हाईक आहे वन्सं, नाही कसं म्हणू?"

आता आकाशपाताळ एक होणार म्हणून मी पदर खोचला. त्यांनी चपला घातल्या आणि त्याच्या मागोमाग चालू लागल्या. त्याच्या जिन्याखालच्या दुकानात शिरल्या, कप उचलला, बाहेर पायरीवर सकाळचं ऊन येतं तिथे ठेवला आणि म्हणाल्या, "आत कुलपं ठेवा. हा इथे राहील. पाणी बोट खुपसून बघूनच घालायचं. बुधवारी येते."

आणि बुधवारी खरंच गेल्या. तिथून सुरुवात झाली. माझ्याकडून कोणी काय नेलंय ते त्या कपांवरून हुडकायच्या आणि घरोघरी जायच्या. ओळख नाही, देख नाही, दार वाजवायचं आणि सरळ खिडकीकडे. ह्या कुंडीत बुडाला पाणी साचतंय, ती मिरची पडद्यामागे का कोंडली? लोक आधी दचकले, मग घाबरले, मग चहा द्यायला लागले. रोपं जगायला लागली.

आणि आमची विक्री झोपली. मरतच नाहीत तर दुसरं कोण नेणार? पाण्याचं बिल तसंच पडून राहिलं. डॉक्टरांनी मला दवाखान्यात बोलावलं, खुर्चीत बसवलं आणि गोड आवाजात म्हणाले, "तुमच्या नणंदेला आवरा. नाहीतर महिनाअखेरीला जागा जाईल."

माझ्या डोळ्यांपुढे बाथरूम आलं. त्या संध्याकाळी मी विषय काढला.

"वन्सं, तुम्ही असं घरोघर फिरलात तर बाग बुडेल."

"मग काय करू? मरू देऊ?"

"सगळी नाही हो. थोडी मरू द्या."

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "कारखान्यातही हेच सांगायचे. नापास फोडले नाहीत तर पास कोण घेणार. हातोडी मारताना मी डोळे मिटायची, माहितीये? रोज. बुद्धी गहाण ठेवून पगार घेतला. आता मला पगार नाही, तर मी कशाला कुणाचं ऐकू?"

मला राग आला. खूप राग आला. पण तो कशाचा, हे मला तेव्हा धड सांगता आलं नसतं. मी म्हटलं, "बाग तुमच्यामुळे गेली तर माझ्याकडे येऊ नका." राहतात माझ्याच घरात, आणि मी हे म्हणाले.

शेवटचा रविवार आला. त्या दिवशी नीट विक्री झाली तर बिल भागणार होतं. सकाळपासून गर्दी! मला वाटलं, देव पावला. टोमॅटोवाली बाई आली, जिला वन्संनी आधी नापास केलं आणि मी पास केलं ती. हातात पुठ्ठ्याचं खोकं. "आमच्याच टोमॅटोचं बी पेरलं, तर एका खळग्यात दोन-दोन उगवली," ती म्हणाली. "उपटवेनात हो. बागेसाठी आणलीत." तिच्यामागचा माणूस मिरच्या घेऊन आला होता. कुलूपवाला पुदिन्याचा भारा घेऊन आला. दुपारपर्यंत टेबल भरलं, टेबलाखालची जागा भरली, शेड भरली. सगळ्यांकडे जास्तीची. घ्यायला कोणी नाही. गल्लीभर वन्संचा रोग पसरला होता. डॉक्टर पैशांची पेटी हलवून बघत होते, आणि वन्सं लोकांची रोपं बघत होत्या, एकेक उचलून, फिरवून. "हे छान आहे," म्हणायच्या. "हेही छान आहे." एकही बाजूला काढलं नाही.

पुढच्या आठवड्यात नळ बंद झाला. जागा नगरपालिकेकडे गेली, तिथून भाड्याने डॉक्टरांकडे आली, आणि आता तिथे दात दुखणाऱ्यांच्या गाड्या लागतात. हे सगळं आपल्याला किती जड गेलं ते डॉक्टरांनी गल्लीला भेटेल तिथे सांगितलं.

मी बाथरूम मोकळं केलं. बादल्या हलवल्या, फळी पुसली. येऊ दे आता वांगी, म्हटलं. पण एकही कप घरी आला नाही. बागेतलं सगळं गल्लीने वाटून घेतलं, पायऱ्यांवर, कठड्यांवर, गच्चीच्या टाकीमागे. आणि वन्संही घरी आल्या नाहीत. म्हणजे रात्री येतात, जेवतात, झोपतात. सकाळचा चहा घेतला की चालल्या, याची मिरची बघायला, तिचा ओवा बघायला. जातील तिथे चहा, बसायला खुर्ची, आणि ऐकायला माणसं.

माझं घर लख्ख झालं. खिडकीत काही नाही, जिन्यात काही नाही. हे वर्तमानपत्रामागे. दुपारी घड्याळ वाजतं ते मला पहिल्यांदाच ऐकू आलं. इतकी वर्षं ज्या बाईच्या धास्तीने मी बाग राखत होते, तिची मी दारात उभी राहून वाट बघायला लागले. शेवटी कुलूपवाल्याकडे गेले आणि पुदिना मागितला. त्याच कपातला.

तो आणून मी साखरेच्या डब्यामागे अंधारात ठेवला. पाणीही भरपूर ओतलं. चार दिवसांत पानं काळी पडली. मग मी वन्संना म्हटलं, "माझ्याकडचं एक रोप आजारी दिसतंय. तुम्हाला वेळ असेल तेव्हा बघाल का?"

त्या दिवशी दुपारी वन्सं घरातच थांबल्या. डबा सरकवला, कप बाहेर काढला, मातीत बोट खुपसलं, माझ्याकडे बघितलं. मी चहा टाकला. दोघींनी स्वयंपाकघरात बसून घेतला. त्यांनी गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांची हकीकत सांगितली, मी ऐकली. उठताना त्यांनी कप खिडकीत ठेवला, त्याचा तिरका कान भिंतीकडे वळवला.

"वाचेल," त्या म्हणाल्या. "पण तुझ्या हाताचा भरवसा नाही. उद्या परत बघायला येते."

आणि शेजारच्या खोलीत जाऊन आडव्या झाल्या.