धारेपुरता गुडघा

माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी तांबोळी मॅडमचं नाव घेईन. शिरूरच्या एका लहानशा दवाखान्यात त्या फिजिओथेरपिस्ट होत्या. गुडघा धरून आलेल्या माणसाला त्या 'कुठं दुखतं?' असं आधी विचारतच नसत. 'गुडघा कशासाठी हवाय?' हा त्यांचा पहिला प्रश्न.

आईला तो विचारला तेव्हा ती क्षणभरही थांबली नाही. "धार काढायला. आमची बिजली दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देत न्हाई."

खरी अडचण तीच होती. न्हावऱ्याला, आमच्या गावी, घरची ही एकच म्हैस. तिच्या दुधावर मी शिकलो, घरातला पहिला पदवीधर झालो. आता आईला उकिडवं बसवेना आणि मी चरवी घेऊन गेलो की बिजली लाथ झाडायची; दूध सगळं रेडकाच्याच पोटात जायचं. मी शिक्रापूरला कंपनीत लागलो होतो. म्हैस विकून टाकू, असं माझं म्हणणं. गिऱ्हाईक बघूनही गेलं. त्या दिवशी आई जेवली नाही.

"दिवाळीपर्यंत विकू नका," मॅडम मला म्हणाल्या. "उकिडवं बसणं आता नकोच. पण मावशींना बुटक्या स्टुलावर बसवून दाखवते."

गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायचा व्यायाम त्यांनी शिकवला. आई घरी तो मन लावून करी. पुढच्या खेपेला करून दाखवा म्हटल्यावर तिनं गुंडाळी घेतली ती चांगल्या पायाखाली.

"मावशी, दुखतोय तो दुसरा ना?"

"व्हय. मग दुखऱ्याला कशाला राबवू? पडू द्या की त्याला जरा."

मॅडमना हसू आवरेना. "आजारी एक आन् औषध दुसऱ्याला? चला, दुखऱ्याच पायानं!"

दोन गुडघ्यांत उशी धरून दाबायची वेळ आली तेव्हा आई म्हणाली, "ही तर चरवी धरायची रीत हाय." झालं! मॅडमनी तिला घरून रिकामी चरवीच आणायला लावली. मग आई आधी खुर्चीवरून हात न टेकता उठायला शिकली, नंतर रचलेल्या विटांवरून. मॅडम मधूनच एखादी वीट काढून घेत. "माझी वीट कुनी नेली?" म्हणून आई सगळ्या पेशंटांसमोर भांडायची.

आई बुटक्या स्टुलापर्यंत पोचली, तर स्टूल बघून बिजलीच बुजली. फोनवर मॅडम म्हणाल्या, "तिलाही सवय लागू द्या. रोज रिकामं स्टूल तिच्याशेजारी ठेवा." ठेवलं. दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी चरवीत पडणाऱ्या धारेच्या आवाजानं मला जाग आली. मी चहाच्या आधी गिऱ्हाइकाला फोन लावला आणि नाही म्हणून सांगितलं.

पुढे मॅडम दौंडला, आपल्या माहेरी, स्वतःचा दवाखाना काढून राहिल्या. काल मी त्यांना पत्र टाकलं:

"आदरणीय मॅडम, सादर नमस्कार. बिजली पुन्हा व्याली, रेडी झाली. रविवारी आम्ही दोघं खरवस घेऊन येतोय. 'कशाला आणलात' असं म्हणू नका, आई रुसेल. तुम्ही दिवसभर वाकून दुसऱ्यांचे पाय धरता, तेव्हा तुमचे गुडघे कसे आहेत, असं तिनं विचारलंय. दुखत असतील तर टॉवेल दाबत जा. दुखऱ्याच पायाखाली, हे तिनं मला दोनदा लिहायला सांगितलं आहे. दुखऱ्याच पायाखाली.

आपला, संतोष."