वरच्या मजल्यावरचं दही

तेलीबांध्याला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ दह्यात प्रोटीनची पावडर घालतात. त्यांचं दही इतकं घट्ट लागतं, की वाटी उलटी केली तरी पडत नाही, आणि हे ते जिन्यात भेटेल त्याच्या डोक्यावर वाटी धरून सिद्ध करतात. "पाहा भाऊ, चमचा उभा राहते! तुमचं साधं दही म्हणजे नुसतं पाणी. अन् साखर तर जहर!" मी एकदा चाखलं. खडू चावल्यासारखं लागलं. 'हव, हव' म्हणत गिळलं.

विरजण मात्र ते रोज संध्याकाळी आमच्याकडूनच नेतात. "वहिनी, चमचाभर द्या न." चमचाभर विरजणासाठी आणलेली वाटी हळूहळू मोठी होत गेली.

परवा ऑफिसातून येताना पाहिलं, तर हे जिन्यात बसून आमचं विरजण बोटानं चाटूनपुसून खात होते. मी पावलं न वाजवता खाली उतरलो आणि ते वर जाईपर्यंत स्कूटर पुसत राहिलो.

बायकोला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं त्यांच्या वाटीत दह्यावर दोन चमचे साखर घातली. त्यांनी वाटीत पाहिलं. विरजणात साखर काहून, हे मात्र विचारलं नाही.