पोट लहान झाल्यावरचे शनिवार

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ते स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या झाकणांसारखे असतात. एक दिवस कपाट आवरायला काढलं की कळतं, अरेच्चा, एवढी झाकणं आली कुठून! आणि एकही कुठल्या डब्याला बसत नाही. आमच्या शनिवारच्या ग्रुपचे किस्से तसेच साठलेत.

ग्रुप म्हणजे किटी पार्टी नाही हं. पोट लहान करायचं ऑपरेशन झालेल्या पेशंट लोकांचा ग्रुप. सिटी सेंटरला ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, तिथेच वरच्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी बसायचं. समोर एक मॅडम, मनाच्या डॉक्टर. मराठी आम्ही तिघंच. बँकेतून रिटायर झालेले आपटे काका, नया बाजारात साड्यांचं दुकान असलेल्या शितोळे वहिनी, आणि मी, वैशाली. बाकी सगळे हिंदीवाले. त्यात मी सगळ्यात लहान, घरी चार वर्षांची चिनू, म्हणून सगळे मला "बेटा" म्हणायचे.

मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "वज़न घटेगा तो सब ताली बजाएँगे. पर कुछ लोगों का मन बैठ जाता है. उसे छुपाना मत."

आम्ही सगळ्यांनी मान हलवली. आणि सगळ्यांनी लपवलं!

*

सगळ्यात आधी फुटल्या त्या शितोळे वहिनी.

सकाळी नवऱ्याच्या, म्हणजे भाऊसाहेबांच्या, स्कूटरवर मागे बसून त्या दुकानात जातात. इंदरगंजच्या चौकात कचोरीवाला उभा असतो. ऑपरेशनच्या आधी स्कूटर तिथे आपोआप थांबायची. आता थांबत नाही. एके दिवशी सिग्नल लाल झाला, स्कूटर नेमकी कढईसमोर थांबली, आणि वहिनी मागे बसून हुंदके द्यायला लागल्या. भाऊसाहेबांना वाटलं, पाय सायलेन्सरला भाजला. त्यांनी भर चौकात स्कूटर स्टँडला लावली आणि बायकोची चप्पल काढून पाय तपासला!

वहिनी ग्रुपमध्ये सांगत होत्या, "माझी मोठी जाऊ गेली ना, तेव्हासुद्धा मी इतकी रडले नव्हते!"

आपटे काकांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "जाऊबाई कचोरी करायच्या का हो?"

"छे! म्हणून तर नाही रडले."

*

आपटे काकांचं दुःख वेगळं होतं. त्यांच्या पँटी.

वजन इतकं उतरलं की जुन्या पँटीत अजून एक आपटे सहज मावला असता. काकूंनी चार पँटी पिशवीत घालून दिल्या आणि सांगितलं, आल्टर करून आणा. काका त्यांच्या जुन्या टेलरकडे गेले. टेलरनं पँट हातात घेतली, शिवण पाहिली. हात त्याचाच, ओळखलं. मग त्यानं काकांकडे वर-खाली पाहिलं, आणि चष्मा काढला.

"ये तो आपटे साहब की है," तो म्हणाला. "आप छोटे भाई हैं? कब गए साहब? हमें तो किसी ने ख़बर ही नहीं की!"

काका काही बोलायच्या आत त्यानं मशीन बंद केली, कारागिरांना उभं केलं आणि सगळे दोन मिनिटं खाली मान घालून गप्प राहिले.

"मग? तुम्ही काय केलंत?" वहिनींनी विचारलं.

"काय करणार? मीही उभा राहिलो," काका म्हणाले. "माणूस चांगला होता. खाऊन-पिऊन सुखी."

सगळे खूप हसले. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या काकांकडे बघत बसल्या होत्या.

*

नवरात्रात शेजारच्या फाळके काकूंनी मला सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलं. आता सवाष्णीनं पोटभर जेवायचं असतं, नाहीतर काकूंच्या व्रताला उणेपणा. आणि माझं पोट म्हणजे एक वाटी!

दोन घास झाले आणि मी हात थांबवला. काकूंचा चेहरा उतरला. "माझ्या हातची पुरणपोळी आवडली नाही का गं?"

मी ऑपरेशनचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, एका पोळीनं काय होतंय? तू थोडीच खातेयस, देवी खातेय!"

देवीनं खाल्ली. गोड जास्त झालं की आम्हा लोकांना कसं होतं ते आम्हालाच ठाऊक. घामाची आंघोळ, छाती धडधड, अंगाला कापरं. मी पाटावरच डोलायला लागले.

काकू आधी घाबरल्या. मग एकदम त्यांनी हात जोडले. "अंगात आलं! आई आली गं बाई माझ्याकडे!"

झालं! चार बायका धावल्या. एकीनं मळवट भरला, एकीनं ओटी भरली. जोशीबाई तर पुढे सरकून विचारायलाच लागल्या, "आई, माझ्या मुलाचं लग्न कुणाशी ठरेल? कालचं ते स्थळ कसं आहे?"

मी कसंबसं म्हटलं, "मला उलटी होतेय."

ते स्थळ त्यांनी त्याच संध्याकाळी नाकारलं!

*

ग्रुपमध्ये एक पद्धत पडून गेली होती. मॅडम विचारायच्या, "कैसा लग रहा है?" आणि आपण उभं राहून किती किलो कमी झाले ते सांगायचं. सगळ्यांनी वा वा करायचं. खाली बसायचं.

एका शनिवारी मॅडम म्हणाल्या, "आज किलो कोई नहीं बताएगा."

उठायला निघालेले परत खाली बसले. शेवटी आपटे काकांनी भीतभीत विचारलं, "मॅडम, ग्रॅम में बता सकते हैं?"

माझा नंबर आला तेव्हा मी म्हटलं, "मस्त." मी नेहमी "मस्त"च म्हणायचे.

मस्त काही नव्हतं. सकाळी डोळा उघडला की वाटायचं, कशाला उघडला. चिनूची वेणी घालता घालता हात मध्येच थांबायचे. आधी असं काही झालं की मी खायचे, खाल्लं की बरं वाटायचं. आता ते दारही बंद. पण हे घरी बोलायची सोय नव्हती. एकदा मी नुसतं "आज कशात जीव लागत नाहीये" म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, "मग चिनूला थोडे महिने इंदूरला तुझ्या वन्संकडे ठेवू या का? तुला आराम पडेल." चांगल्या मनानंच म्हणाल्या असतील. पण चिनू गेली तर मी सकाळी उठायचं कुणासाठी?

तेव्हापासून मी घरीही मस्त, ग्रुपमध्येही मस्त.

*

मग दवाखाना विकला गेला. एका मोठ्या दवाखान्यात आमचा दवाखाना विलीन झाला म्हणे. बोर्ड बदलले, लिफ्टमधलं गाणं बदललं. नव्या मॅनेजमेंटनं ठरवलं की शनिवारी दोन-दोन ग्रुप कशाला, एकच हॉल, एकच ग्रुप. म्हणून आमच्यात दारू सोडणाऱ्यांना आणून बसवलं!

शितोळे वहिनी पर्स उचलून उभ्याच राहिल्या. "शितोळ्यांच्या सात पिढ्या फौजेत होत्या. आजपर्यंत आमच्यात कुणी दारू सोडली नाही! आणि मी सोडणाऱ्यांत बसू?"

पण बसल्या. बाहेर ऊन फार होतं.

त्यांच्यात एक श्याम भैया होते, मोटारच्या पार्टचं दुकान असलेले. ते म्हणाले, "पीने की याद उतनी नहीं आती जी. बस, शाम को सात बजते हैं तो समझ नहीं आता, इन हाथों का क्या करूँ."

आमच्याकडचे सगळे आपापल्या हातांकडे बघायला लागले.

थोड्या वेळानं आपटे काका म्हणाले, "मैं मटर छीलता हूँ. खाता नहीं, सिर्फ़ छीलता हूँ. बायको आता मटार कुलपात ठेवते."

त्या दिवसापासून आमचे आणि त्यांचे सूर जुळले. वहिनींनी तर श्याम भैयांच्या मिसेसना दुकानात बोलावून साडीवर सूटसुद्धा दिली.

*

वहिनींच्या तोंडात काही राहत नाही. मंडळाच्या हळदीकुंकवात त्यांनी माझ्या सासूबाईंना सांगून टाकलं की तुमची सून दर शनिवारी दारुड्यांत बसते.

पुढच्या शनिवारी सासूबाई माझ्या आधी तयार. "चल. बघते तरी कुठे बसतेस ते." बरोबर चिनू.

त्या अगदी मागच्या रांगेत बसल्या. चिनू त्यांच्या खांद्यावर झोपून गेली.

श्याम भैयांच्या लोकांची एक पद्धत होती, ती आता आम्हीही घेतली होती. उभं राहायचं, नाव सांगायचं, खरं काय ते सांगायचं. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. कुणी सल्ला द्यायचा नाही.

श्याम भैया उठले. "मैं श्याम. आज सुबह शराब के ठेके के सामने तक गया था. वापस आ गया." टाळ्या.

मग मी. मी "मस्त"च म्हणणार होते.

"मैं वैशाली. मैं रोज़ रोती हूँ. बरतन माँजते वक़्त, नल पूरा खोलकर, ताकि आवाज़ बाहर न जाए." इथपर्यंत नीट जमलं. पुढे माझी हिंदी संपली. "आणि मला चिनूला कुठेही पाठवायचं नाहीये. मी बरी होईन. पण तिला नका पाठवू."

हिंदीवाल्यांना शेवटचं किती कळलं कोण जाणे, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे वळून बघितलं नाही.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

सासूबाई उभ्या होत्या, खांद्यावर चिनू तशीच. आधी मला मराठीत म्हणाल्या, "चिनू कुठे जात नाही." मग पदर सारखा केला आणि हॉलकडे वळल्या.

"मैं सुमन, इसकी सास. मेरा न पेट कटा है, न मैंने कभी पी है." त्यांनी चिनूला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "पर हमारे घर में नल एक ही है. ये हटती है, तब मेरा नंबर आता है."